जबान दिली आहे

नागपूरची दीक्षा सगळ्यांना ठाऊक असते. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी, कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी, पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसं. चांद्याचं मात्र सांगावं लागतं. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ तारखेला, बाबासाहेब चांद्याला आले आणि तिथंही त्यांनी हजारो लोकांना दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. त्या गर्दीत आम्ही होतो. मी तेव्हा शाळेत नुकतीच अक्षरं जोडायला शिकले होते. आजचं चंद्रपूर तेव्हा चांदा होतं आणि आमचा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली नि आम्ही मुंबई राज्यात आलो. म्हणजे त्या पंधरवड्यात आमचा धर्मही बदलला आणि राज्यही. राज्य बदललं हे गावात कुणाला धड कळलंसुद्धा नाही. धर्म बदलल्याचं मात्र पुढची कितीतरी वर्षं रोज कळत राहिलं.

या रोजच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. सोहळ्याचे फोटो असतात, भाषणं छापलेली असतात. पण एखाद्या अक्षरशत्रू म्हातारीनं पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले देव सर्वांसमक्ष सोडायचे आणि मग त्याच गावात, त्याच बोडीचं पाणी पीत, त्याच लोकांच्या बांधीत रोवणं करत जगायचं, याची नोंद कुठं होत नाही. माझ्या आजीची तरी व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव मूलच्या बाजूला, धानाचं. शिवारात तलाव, तलावाखाली बांध्या. आमच्या लोकांपैकी काही जण माग चालवत, काहींच्या तुकडाभर बांध्या होत्या, आणि महारकीचं काम आळीपाळीनं सगळ्यांकडे. बाबासाहेब येणार ही बातमी पसरली तशी पांढऱ्या कपड्याची तजवीज सुरू झाली. आमच्या घरी मागावरचं जाडंभरडं कोरं कापड होतं, त्यातून आजीचं नि मायचं भागलं. भाऊबंदांच्या बंड्या निघाल्या. दोन मुक्काम वाटेत झाले.

चांद्यात शिरल्यावर आजीनं बंडी थांबवायला लावली. म्हणाली, "आदी महाकालीले सांगून येतो."

चांद्याची महाकाली म्हणजे आमच्या भागातलं मोठं दैवत. चैत्रातल्या जत्रेला मराठवाड्यातूनसुद्धा माणसं लोटतात. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी देवी आल्या होत्या, तेव्हा आजीनं महाकालीला नवस बोलला होता आणि तो पायी चालत येऊन फेडलाही होता. भावाच्या तोंडावर वण होते. तो वाचला तो महाकालीमुळं, याविषयी आजीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बा चिडला. ज्या कामाला आलो त्याच्या अगदी उलट काम ही बुढी करायला निघाली, असं त्याला वाटलं. पण आजी उतरलीच. देवळापासून बरीच अलीकडे, आमच्या लोकांनी जिथून हात जोडायचे तिथूनच तिनं हात जोडले. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. परत आली, बंडीत बसली आणि बाला म्हणाली, "चाल आता."

जिला तिनं जन्मभर दुरूनच पाहिलं, तिलाही न सांगता सोडणं तिला जमलं नाही. बाला हे दुबळेपण वाटलं. मला पुढं मोठेपणी त्यात आजीचा सगळा स्वभाव दिसला.

त्या मैदानाची माझी आठवण म्हणजे पाठी आणि पाय. लहान पोरांना आणखी काय दिसणार. बाने मला खांद्यावर घेतलं तेव्हा दूर एक धिप्पाड, चष्मा लावलेला, थकलेला माणूस दिसला. मग सगळे उठून उभे राहिले, हात जोडले, आणि पुढून एकेक वाक्य येऊ लागलं नि लोक ते मागून म्हणू लागले. बावीस प्रतिज्ञा. मला त्यातली फक्त नावं कळली, कारण ती घरातली नावं होती. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती. एकेकाचं नाव येई आणि त्याला मानायचं नाही, पुजायचं नाही, असं हजारो माणसं मोठ्यानं म्हणत. मला भीती वाटली. मी आजीकडे पाहिलं. ती डोळे मिटून, शब्द न् शब्द स्पष्ट म्हणत होती. दारू पिणार नाही, या प्रतिज्ञेला बायांचा आवाज चढला, हे माय पुढं कैकदा सांगायची.

धर्म सोडल्याचं नागपूरला उच्चारताना बाबासाहेबांचा कंठ दाटून आला होता, असं धनंजय कीरांनी त्यांच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे. ते मी डी.एड. करताना वाचलं आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसले. येवल्याला १९३५ साली ज्यानं हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं, एकवीस वर्षं सगळे धर्म चाळून पाहिले होते, त्याचाही गळा दाटला. मग माझ्या आजीचं काय झालं असेल?

गावी परतल्यावर लगेच काही घडलं नाही. देव्हारा होता तसाच होता. बा म्हणे, उद्या काढू. आजी म्हणे, काढू. दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबर उजाडला. बाबासाहेब गेल्याची बातमी आमच्यापर्यंत पोहोचली तेव्हा मुंबईत दादरच्या समुद्रावर अंत्यसंस्कारही झाले होते, आणि तिथंच, चितेसमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लोकांनी दीक्षा घेतली होती. आमच्या मोहल्ल्यात चूल पेटली नाही. त्या रात्री आजी म्हणाली, "सकारी देव नेऊ."

सकाळी तिनं देव्हारा उतरवला. दोन चांदीचे टाक, एक पितळी पिंड, शेंदूर माखलेली मातामायची गुंडी, महाकालीचं कुंकू ठेवलेली डबी. माझा काका म्हणाला, टाक मोडले तर बियाण्याचे पैसे होतील. आजीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती देव धुवायला बसली. गरम पाण्यानं, चिंच लावून, नेहमी सणाला धुवायची तसे. बा उभा राहून बघत होता, त्याचा संताप अनावर होत होता. "टाकाचेच हायेत तं धुतं काहून?" आजी म्हणाली, घरून पाहुणा जाते तं त्याले उपाशी धाडते का कोनी. तिनं भाताचं शीत ठेवलं, देव टोपलीत घेतले, तलावावर गेली, पाण्यात कमरेएवढी उतरली आणि एकेक करून सोडले. मी काठावर होते. रडली नाही ती. लुगडं पिळून घरी आली आणि कांडपाला बसली.

महाराष्ट्रात त्या वर्षा-दोन वर्षांत नद्यांत, विहिरींत, तलावांत असे किती देव गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आमच्या नात्यात विचारलं तर प्रत्येक घरात एक अशी टोपली निघते.

देव्हाऱ्याचा कोनाडा रिकामा झाला. तरी कितीतरी दिवस आजी सकाळी अंघोळ करून यायची आणि ओल्या हातानं त्या कोनाड्यात चार थेंब पाणी शिंपडायची. बाने एकदा पाहिलं आणि मोठा तंटा झाला. त्याच्या लेखी ही फितुरी होती. माझं मत आजही वेगळं आहे. हाताला चाळीस-पन्नास वर्षांची सवय होती, आणि हात हळूहळूच शिकतो. पुढं तिथं बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आला, आणि पाणी थांबलं ते कधी थांबलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

देव सोडले याचं गावाला तसं काही नव्हतं. काम सोडलं तेव्हा गाव खवळलं. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, हे कोकण-मुंबईकडे महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून सुरू झालं होतं. आमच्या गावात ते दीक्षेनंतर, बऱ्याच ओढाताणीनं झालं. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी, ढोरं ओढायचं सोडलं तर महारांचंच नुकसान होतं म्हणणाऱ्यांना उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर आमच्याकडे तोंडोतोंडी आलं होतं. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची म्हैस मेली. माणूस बोलवायला आला. आमच्याकडून कुणी गेलं नाही. म्हैस गोठ्यात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून माणसं आणून ती ओढली गेली, आणि त्या हंगामात आमच्या एकाही बाईला रोवण्याला बोलावणं आलं नाही. खळ्यावरचा धान बंद झाला. किराणा उधार मिळेना. मायनं त्या पावसाळ्यात मोहाची फुलं आणि रानभाजी यांवर घर चालवलं. आमच्यातली दोन कुटुंबं बल्लारपूरला कामाच्या शोधात गेली ती कायमची. सोडण्याची किंमत म्हणतात ती ही. देवाची किंमत आम्हाला कुणी मागितली नाही, भाकरीची मागितली.

आणि मग आखाडात मातामायच्या, म्हणजे साथीच्या देवीच्या, पूजेची वर्गणी मागायला गावकरी आले. त्या वर्षी आजूबाजूला गोवराची साथ होती. वर्गणी सगळ्या घरांनी द्यायची, बोकड सगळ्यांच्या नावानं कापायचा, आणि आमच्या लोकांनी पुढं वाजवत जायचं, अशी रीत. बा घरी नव्हता. आजी दारात होती. आलेल्यांतल्या एकानं सांगितलं की साथ वाढली तर ती तुमच्या घरांमुळं वाढली असं समजू. तेव्हा आमच्या घरात माझा धाकटा भाऊ अंगभर पुरळ आणि तापानं फणफणत पडलेला होता, हे त्यांना माहीत होतं. शेजारची सखूकाकू, आमच्यातलीच, दीक्षा घेतलेली, तीसुद्धा आजीला हळूच म्हणाली, दहीभात तेवढा ठेवून ये, कोण पाहते.

आजी म्हणाली, "असंल माय. नसंल बी. पन मी जबान देल्ली."

माझ्या सगळ्या शिक्षणात मला याहून मोठं वाक्य सापडलेलं नाही. आजीनं मातामाय खोटी आहे असं ठरवलं नव्हतं. ती असेल, कदाचित कोपेलही, हे तिच्या मनात होतं. तरी ती गेली नाही, कारण चांद्याच्या मैदानात उभी राहून, हात जोडून, ती स्वतःच्या तोंडानं बोलली होती. तिला सही येत नव्हती. आमच्याकडे व्यवहार तोंडाचा, आणि दिलेला शब्द फिरवणारा माणूस माणसांतून उठतो. आमचा शब्द शब्द म्हणून धरावा अशी पाळी गावानं पूर्वी कधी येऊच दिली नव्हती. महारानं काय कबूल केलं याला विचारतो कोण? त्या मैदानात पहिल्यांदा तिच्याकडे एका मोठ्या माणसानं शब्द मागितला होता, आणि तिनं तो दिला होता.

त्या दिवशी संध्याकाळी बा भावाला बंडीत घालून मूलच्या दवाखान्यात घेऊन गेला. पोर वाचलं. गाव म्हणालं, मातामायनं दया केली. आजीनं त्यावर वाद घातला नाही, आणि बघा देव नाही असंही कधी म्हटलं नाही. भाऊ गेला असता तर काय, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं तरीही ती दहीभात घेऊन गेली नसती.

म्हणून बावीस प्रतिज्ञांबद्दल कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. शिकलेली माणसं विचारतात, बुद्धाचा धम्म एवढा करुणेचा, मग त्यात ही नकारांची यादी कशाला? नुसतं पंचशील पुरलं नसतं का? २०२२ साली दिल्लीत दीक्षा सोहळ्यात याच प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या म्हणून गदारोळ झाला आणि तिथं हजर असलेले मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावं लागलं. मला वाटतं, ज्यांना कधी दारात उभं राहून गावाला नाही म्हणावं लागलं नाही, त्यांना ही यादी कळणं अवघड आहे. श्राद्ध करू नका, पिंड देऊ नका, बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणणं खोटं आहे, हे एकेक वेगळं करून वदवून घेतलं होतं, कारण एकेक वेगळं पुढ्यात येणार होतं. बाबासाहेबांना खेडं ठाऊक होतं. आजोबांच्या दिवसाला कावळ्याला घास ठेवू का, असं काकानं विचारलं तेव्हा आजीनं बोटं मोजून दाखवलं होतं की हे त्यात येतं. तिला क्रमांक माहीत नव्हते. पण येतं हे माहीत होतं.

लग्नांचं थोडक्यात सांगते. माझं लग्न आमच्या घरातलं पहिलं बौद्ध पद्धतीचं. मुहूर्त नाही, भटजी नाही, त्रिशरण, पंचशील, हार, आणि पांढरी साडी. माझी मावशी मांडवात रडली, पोरीला पांढरं नेसवलं म्हणून. आजीनं तिला गप्प केलं. कायद्याच्या दृष्टीनं मात्र आमची लग्नं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातच मोडतात, कारण तो कायदा बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे. हे मला शाळेत नोकरी लागल्यावर कळलं. बाला मी ते कधी सांगितलं नाही.

त्याला कागदांनी आधीच पुष्कळ त्रास दिला होता. तोंडानं सोडलं, हातानं सोडलं, कामानं सोडलं, पण कागदावर सुटेना. १९६१ ची जनगणना आली तेव्हा बाने मोहल्ल्यात बैठक घेतली. विचारायला येणारे बहुधा मास्तर असत आणि न विचारताच 'हिंदू' लिहून मोकळे होत. बाने घरोघरी बजावलं, बौद्ध सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या. आमच्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोहल्ल्यातली शाळकरी पोरं मास्तरांच्या मागं मागं फिरली. मीही फिरले. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते २,४८७. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजारांवर गेले. त्यात आमच्या मोहल्ल्याची घरं आहेत, ती मी माझ्या डोळ्यांनी लिहून घेतलेली पाहिली.

पण जे बौद्ध झाले ते केंद्र सरकारच्या लेखी अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे हिंदूच, असं धरलेलं होतं. पुढं शिखांना त्यात घेतलं, आम्हाला नाही. महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं 'नवबौद्ध' म्हणून राज्यापुरत्या सवलती दिल्या, त्यामुळं मला डी.एड.ला प्रवेश आणि नोकरी मिळाली. केंद्राचं दार मात्र बंदच. माझा थोरला भाऊ, तोच देवीचे वण असलेला, मॅट्रिक झाला आणि केंद्र सरकारच्या एका खात्यात जागा निघाली. अर्जासोबत जातीचा दाखला हवा होता, आणि दाखल्यावर धर्म हिंदू हवा होता. शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव १९५६ च्या आधी घातलेलं, तिथं 'हिंदू महार' होतंच. त्यानं तो दाखला काढला.

बा त्याच्याशी किती महिने बोलला नाही. भाऊ म्हणायचा, मी पूजा करत नाही, उपास करत नाही, घरात फोटो बाबासाहेबांचा आहे, एका कागदानं काय होतं? बा म्हणायचा, आपल्या घरात पहिल्यांदा कुणाला सही करता आली, आणि ती कशाखाली केली? दोघंही खरं बोलत होते, आणि मला आजही त्यांच्यातला एक चुकीचा ठरवता येत नाही. चुकीचा होता तो नियम. ज्या धर्मात अस्पृश्य ठरवलं तो सोडला म्हणून अस्पृश्यता गेली, असं कागदावर धरायचं, आणि गावात मात्र आमची विहीर तीच, मोहल्ला तोच. सगळ्या महाराष्ट्रात आमच्या लोकांना तेहतीस-चौतीस वर्षं या पेचात ठेवलं. घरात एक, दाखल्यावर दुसरं. त्यावरून आम्हालाच दुटप्पी म्हणायचे. १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारच्या काळात, आदेशात बौद्धांचा समावेश झाला. बा त्याआधीच गेला होता. भावानं निवृत्तीपूर्वी सगळी कागदपत्रं बदलून घेतली. त्यासाठी त्याला किती चकरा माराव्या लागल्या ते सांगत बसत नाही. बदललेला कागद त्यानं मला आणून दाखवला, मायला दाखवला, आणि मग बाच्या फोटोसमोर बराच वेळ बसला.

२०११ च्या गणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध, त्यातले ६५ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. आता पुढची जनगणना येते आहे, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिनांक जाहीर झाला आहे, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. माझी नात पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तिचा फोन होता. धर्म बौद्ध हे तिला विचारावं लागलं नाही. जातीच्या रकान्यात काय, हा तिचा प्रश्न. तिचे मित्र म्हणतात, जात मानत नाही तर 'नाही' सांगायचं. तिच्या बापाचं म्हणणंही तेच.

मी तिला म्हटलं, जात आपण केली नव्हती आणि नुसत्या रिकाम्या रकान्यानं ती जात नाही. रकाना मोकळा राहिला तर आपण किती आहोत, कुठल्या वस्तीत आहोत, किती जणी शाळेतून गळल्या, हेही मोकळं राहील. १९९० नंतर आता बौद्ध आणि अनुसूचित जात हे दोन्ही एकत्र लिहिता येतं, त्यासाठी तुझ्या आजोबांच्या पिढीनं फार सोसलं आहे. धर्म बौद्ध सांग, जात महार सांग. माहिती या वेळी मोबाइलवर भरणार आहेत. भरून झाल्यावर म्हणावं, मॅडम, धर्मापुढं काय आलंय ते जरा दाखवा.

ती म्हणाली, बाबा ऐकणार नाहीत. मी म्हटलं, त्याला फोन दे.